दिवाळीनंतरची हजेरी

बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत मी पोचलो, तेव्हा चौथीची मुलं पिशव्या शिवत होती. कापड होतं जुन्या फ्लेक्सचं. कुणाच्या वाढदिवसाचा, कुणाच्या निवडीच्या अभिनंदनाचा, असे चौकातून उतरवलेले फ्लेक्स सरांनी गोळा करून आणले होते. छापील बाजू आत, पांढरी बाजू बाहेर. हातात दाभण आणि सुतळी. एक मुलगा कडा दुमडून धरत होता, शेजारची मुलगी टाका घालत होती.

"फ्लेक्सच कशाला?" मी विचारलं.

"भिजत न्हाई," मुलगी म्हणाली. "आन उंदीर कुरतडत न्हाई."

"कुरतडतंय," मुलाने मान वर न करता दुरुस्ती केली. "पण कमी."

ते ‘पण कमी’ माझ्या मनात राहिलं. वस्तू वापरून पाहिलेलं माणूसच असं बोलतं. ही पिशवी मुलांनी एका हंगामात वापरली होती, तिचे गुणदोष त्यांना ठाऊक होते, आणि आता ती दुसऱ्यांदा शिवताना त्यांनी तिचा आकार बदलला होता.

संपादकांनी विषय दिला होता : शाळांमध्ये नवं काय घडतंय आणि ते कोण घडवतंय. माझ्याजवळ शाळांची एक यादी होती. मोठे पडदे, टॅब, रोबोट असलेल्या शाळा. मराठवाड्यातल्या एका शिक्षक मित्राला ती दाखवली, तर तो म्हणाला, "या सगळ्या बघ. पण आधी दसऱ्याच्या तोंडावर आमच्याकडं ये. दिवाळीनंतर आमची शाळा अर्धी होते. तिथं नवं केल्याशिवाय भागतच नाही." म्हणून गेल्या वर्षी सप्टेंबरअखेर मी तिथे गेलो आणि पुढचं वर्षभर जात राहिलो.

तीस सप्टेंबरचा पट

शाळेत पहिली ते चौथीचे वर्ग, शिक्षक दोन. एक सर आणि एक मॅडम. वस्तीवरची म्हातारी माणसं त्यांना अजून गुरुजी आणि बाई म्हणतात. ३० सप्टेंबरच्या पटावर शाळेची संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. त्या तारखेला इथे सगळी मुलं हजर असतात. पुढे सहा आठवड्यांत निम्मी जागा रिकामी दिसायला लागते.

बीडमधली लाखो माणसं दसरा-दिवाळीनंतर ‘कारखान्याला’ जातात. पश्चिम महाराष्ट्रात, मराठवाड्यात, सीमेपलीकडे कर्नाटकातसुद्धा. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. कामाचं, पैशाचं, माणसाचं माप तेच. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो. ती फेडायला हंगामभर ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. राहायचं फडाजवळच्या किंवा कारखान्याच्या तळावरच्या कोपीत. परत येणं मार्च-एप्रिलमध्ये, गाळप संपेल तेव्हा.

आईबापाबरोबर मुलं जातात. धाकटं कडेवर असतं, मधलं त्याला सांभाळायला असतं, थोरली मुलगी भाकरीला असते. शाळेच्या वर्षाचा मधला मोठा तुकडा असा उसात जातो, आणि हा तुकडा दर वर्षी तोच असतो. अपूर्णांक, भागाकार, जोडाक्षरं, वजनमापं या मुलांच्या नशिबी त्याच महिन्यांत येतात.

यावर उपाय झाले नाहीत असं नाही. ‘जनार्थ’ या संस्थेने कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालवल्या. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यावर मुलांना जवळच्या नेहमीच्या शाळेत बसवण्यावर भर आला. शिक्षण हमी कार्ड निघालं : मूल ते घेऊन जाईल तिथल्या शाळेत दाखवायचं आणि वर्गात बसायचं. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत. गावोगावी त्यांचं प्रत्यक्ष रूप बरेचदा असं असतं की जेवण शाळेत आणि झोपायला आजीकडे. हे सगळं उपयोगाचं आहे, आणि ते आणण्यासाठी अनेकांनी आपलं आयुष्य वेचलं आहे. तरीही या वस्तीवरची दहा-बारा मुलं दर वर्षी जात होती. कार्ड पेटीत राहायचं. फडापासून शाळा तीन-चार किलोमीटर, आणि धाकट्याला कुणी बघायचं हा प्रश्न कार्डावर सुटत नव्हता.

कोऱ्या वह्या

सरांचा पहिला प्रयत्न चांगल्या शिक्षकाला शोभेल असाच होता. त्यांनी रात्री जागून स्वाध्यायपुस्तिका केल्या. प्रत्येक आठवड्याला दोन पानं मराठी, दोन पानं गणित. स्वखर्चाने छायाप्रती काढल्या, पाठीवर हात ठेवून मुलांना दिल्या. एप्रिलमध्ये मुलं परतली. तीन पुस्तिका कोऱ्या होत्या. दोन भिजून लगदा झाल्या होत्या. बाकीच्या परतच आल्या नाहीत. एकीने खाली बघत सांगितलं, चूल पेटत नव्हती तेव्हा आईने पानं घेतली.

"मला राग आला होता," सर म्हणाले. "लेकरांचा नाही. कष्ट वाया गेल्याचा. मॅडम म्हणाल्या, आता तुम्ही काही करू नका. आधी यांना बोलू द्या."

मॅडमनी मुलांना जमिनीवर खडूने कोपी काढायला सांगितली. तुमची कोपी, तिच्यात कोण कुठे झोपतं, चूल कुठे, पाणी कुठे, उजेड कुठून येतो. मग दिवस काढायला सांगितला : पहाटेपासून रात्रीपर्यंत तू कुठे असतोस. या चित्रांचे फोटो मॅडमनी जपून ठेवले आहेत. मी ते पाहिले तेव्हा शाळेबाहेरच्या शिक्षणावर वाचलेली बरीच जाड पुस्तकं मला तोकडी वाटली. एका चित्रात कोपीभोवती दिवसाची सहा वर्तुळं आहेत आणि सहाही वर्तुळांत मुलीच्या कडेवर एक लहान टिंब आहे. ते टिंब म्हणजे धाकटा भाऊ. तिचे दोन्ही हात रिकामे असतील असा दिवसात एकही क्षण नव्हता. तिला लिहायला दिलेली पुस्तिका कोरी आली, कारण लिहायला हात लागतो.

त्या एका दुपारी मुलांनी जे सांगितलं ते सरांनी फळ्यावर लिहून ठेवलं. रात्री उजेड नसतो. पेन्सिलीला टोक करायला काही नसतं. बिऱ्हाड हलतं तेव्हा वह्या कुठल्या गाठोड्यात गेल्या ते कळत नाही. दुसऱ्या गावच्या शाळेत गेलं तर पोरं ‘कारखान्याचे आले’ म्हणून बाजूला बसवतात. फोन बापाकडे असतो आणि बाप फडात. मग एका मुलाने सांगितलं की खर्चीच्या दिवशी फोन लागतो. मुकादम आठवड्या-पंधरवड्याने बाजाराला खर्ची देतो, त्या दिवशी रिचार्ज होतो आणि संध्याकाळी सगळे कोपीवर असतात.

शाळेतल्या दोन शिक्षकांना ही माहिती दहा वर्षांत नव्हती. ती दहा वर्षांच्या मुलाजवळ होती.

पिशवीत काय ठेवायचं

पिशवी तिथून निघाली. आत काय ठेवायचं यावर मुलांत आणि शिक्षकांत आठवडाभर घासाघीस झाली. सरांना पाठ्यपुस्तकं हवी होती. मुलं म्हणाली, जड होतात. मॅडमना गोष्टींची पुस्तकं हवी होती. ती मान्य झाली, पण अदलाबदल करता येतील अशी, म्हणजे एका तळावरच्या तीन मुलांना तीन वेगवेगळी. पाटी हवी, कारण पाटी चुलीत जात नाही. आणि हात रिकामे नसतील तेव्हा करायची कामं हवीत. ही मागणी त्या टिंबवाल्या मुलीची.

हात न लागणाऱ्या कामांची यादी मला या सगळ्या खटाटोपातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. आजीकडून कोडी ऐकून पाठ करायची. गेटवर रांगेत उभ्या गाड्या मोजायच्या : ट्रॅक्टर किती, ट्रक किती, बैलगाड्या किती, आणि झोपताना आईला सांगायच्या. गाड्यांच्या पाटीवरची अक्षरं वाचायची. बाळाला खेळवताना पाढा म्हणायचा. कोपी हलली की नव्या गावाचं नाव, नदी, पीक विचारून घ्यायचं. खर्चीच्या दिवशी दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून शाळेच्या गटावर टाकायचा. इकडे वस्तीवर राहिलेल्या मुलांतला एक जण त्याचा जोडीदार. त्याने तो वर्गात ऐकवायचा आणि वर्गाचं उत्तर पाठवायचं.

असाच एक आवाज मी डिसेंबरात वर्गात बसून ऐकला. मागे ट्रॅक्टरची धडधड, कुणीतरी हाक मारतंय, आणि मुलगा सांगतोय की इथली माणसं उसाला पाणी नळीने देतात, थेंब थेंब, आणि नळीला भोक पडलं की ते लोक तिथे काडी खुपसतात. वर्गातल्या एका मुलाने विचारलं, काडी कुजत नाही का? तो प्रश्न लगेच परत गेला. उत्तर दहा दिवसांनी आलं. मधल्या दहा दिवसांत वर्गाने तीन प्रकारच्या काड्या पाण्यात बुडवून ठेवल्या होत्या.

गणिताचं तर मुलांनी पारच उलटं केलं. सरांनी साधं उदाहरण घातलं होतं : एका टनात अमुक मोळ्या, तर पाच टनांत किती? मुलं म्हणाली, हे खोटं आहे. "माय बांधती ती मोळी लहान, बाप बांधतो ती मोठी. सकाळची मोठी, संध्याकाळची लहान." मग टनाला मोळ्या किती हे ठरवायचं कसं? एका मुलाने सुचवलं की ट्रॉलीत किती मोळ्या भरल्या ते मोजू आणि काट्याची पावती बघू. हंगामात तिघांनी ते केलं. पिशवीतल्या वहीत तारीख, मोळ्या, पावतीवरचे टन अशा तीन ओळी. परत आल्यावर सगळ्या ओळींवरून सरासरी काढली. चौथीच्या वर्गात सरासरी शिकवायची नसते. पण त्यांना ती लागली, म्हणून ती शिकवली गेली.

त्यातल्या एका मुलाचे वडील एप्रिलमध्ये शाळेत आले. वही मागत होते. हंगामाच्या हिशेबाला मुकादमासमोर बसायचं होतं आणि आपण किती ऊस घातला याची त्यांच्याजवळची एकमेव सलग नोंद पोराच्या वहीत होती. सरांनी ती वही हातात ठेवली, तेव्हा तो माणूस पायरीवर बसून पानं उलटत राहिला. त्याला अंक वाचता येत होते.

बरणीतला दिवा

उजेडाचा प्रश्न शाळेच्या आवाक्यातला नव्हता. तालुक्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे. नीती आयोगाच्या २०१६ च्या योजनेतून अशा लॅब उभ्या राहतात. शाळेला पाच वर्षांत मिळून २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, आणि सहावी ते बारावीच्या मुलांनी तिथे हाताने काही घडवावं अशी अपेक्षा असते. अशा लॅब मी बऱ्याच पाहिल्या आहेत. काहींत खोक्यांवरची चिकटपट्टी अजून शाबूत असते, कारण वस्तू मोडली तर भरपाई कोण देणार याची भीती शिक्षकाच्या मानेवर बसलेली असते. इथल्या विज्ञानाच्या मॅडमनी किल्ली नववीच्या मुलींकडे दिली आहे. मोडलेल्या वस्तूंसाठी एक वेगळं खोकं आहे, आणि त्याच्यावर लिहिलं आहे : ‘यातून घ्या’.

वस्तीवरच्या चौथीने या नववीला पत्र लिहिलं. आम्हाला कोपीत वाचायला दिवा पाहिजे. नववीने एक केला. छोटं सौर पॅनेल, जुन्या मोबाईलची बॅटरी, एलईडी. तो पहिल्या हंगामात गेला आणि तुटून परत आला. सोबत चौथीतल्या मुलीचं उत्तर होतं : बाळ वायर ओढतं. पाणी सांडलं की बंद पडतो. आणि तुम्ही बटण फार लहान केलंय, अंधारात सापडत नाही.

नववीतली जी मुलगी या दिव्याची प्रमुख होती ती मला म्हणाली की प्रदर्शनात परीक्षकांनी आजवर तिला खूप प्रश्न विचारले, पण असे तीन प्रश्न कुणी विचारले नव्हते. दुसरा दिवा तिने लोणच्याच्या प्लॅस्टिक बरणीत बसवला. वायर सगळी आत, झाकणाला हुक, बरणी उलटी टांगायची. बटणाच्या जागी झाकण फिरवलं की दिवा लागतो. हे झाकण बाळाला उघडता येत नाही याची चाचणी तिने आपल्या घरच्या बाळावर घेतली.

राबवणे आणि घडणे

शिक्षण खात्याच्या भाषेत एक क्रियापद सगळीकडे भेटतं : उपक्रम ‘राबवणे’. परिपाठात राबवलेला, शनिवारी राबवलेला, पंधरवडाभर राबवलेला. मी शिक्षकांशी बोलताना मुद्दाम हा शब्द मोजत होतो. वरून आलेल्या गोष्टीसाठी तो दर वेळी यायचा. पिशवीसाठी एकदाही आला नाही. सर म्हणायचे, "पिशवी झाली", मॅडम म्हणायच्या, "पिशवी निघाली". शब्द माणसाला आतलं सांगायला लावतात.

शिक्षकांनी आणि मुलांनी मिळून घडवलेलं नवं महाराष्ट्राला अनोळखी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, आणि पुढे कोसबादच्या टेकडीवर वारली मुलांसाठी शाळा उभी करताना त्यांना दिसलं की मुलं गुरं राखायला जातात. तेव्हा शाळाच कुरणात नेली. ‘कुरणशाळा’ हा शब्द आपल्या भाषेत त्यामुळे आला. मूल शाळेत येत नाही हा मुलाचा दोष मानायचा की शाळेचा, या एका प्रश्नाचं उत्तर बदललं की सगळंच बदलतं. बीडच्या या वस्तीवर मला त्या कुरणाची वारंवार आठवण झाली.

अलीकडची उदाहरणंही आहेत. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी मूल कसं शिकतं हे पाहून, वाचून, एकमेकांशी बोलून वर्ग बदलले. फरशीवर आखलेल्या जागा, मणी, काड्या, बाटल्यांची झाकणं घेऊन मुलं आपली आपण शिकू लागली. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाला, तेव्हा राज्यभरातून शिक्षक कुमठ्याला जाऊन आले. नंतरच्या वर्षांत रंगवलेल्या फरश्या मी कितीतरी जिल्ह्यांत पाहिल्या. काही वर्गांत मुलं त्यांच्यावर बसून शिकत होती. काही वर्गांत त्यांच्यावर बाकं मांडली होती. रंग लवकर प्रवास करतो. ज्या गप्पांतून तो रंग निघाला त्या गप्पांना प्रवासाला वेळ लागतो, आणि तो वेळ फार कमी ठिकाणी दिला गेला.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड चिकटवले ते आपल्या समोरच्या मुलांसाठी. पुढे ते कोड राज्याच्या पुस्तकांत छापून आले, आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पुरस्काराच्या दहा लाख डॉलरांतली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. बातमीत पुरस्काराची रक्कम ठळक होती. मला ती वाटणी अधिक महत्त्वाची वाटते, कारण शिक्षकाला दुसऱ्या शिक्षकाची किती गरज असते हे ज्याला ठाऊक आहे, तोच असं करू शकतो.

होशंगाबादचे तीस वर्षांचे वर्ग

शिक्षक आणि मुलांना नव्या गोष्टीत सामील करणं ही एखाद्या शाळेची हौस न राहता व्यवस्था होऊ शकते का? देशात हे एकदा झालं आहे, आणि सरकारी शाळांत झालं आहे. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १६ उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान प्रयोगांनी शिकवायला सुरुवात केली. १९७८ पासून तो कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात गेला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ने तो पुढे सांभाळला.

त्यातलं साहित्य साधं होतं. फूल उलगडायला सुईच्या जागी बाभळीचा काटा चालायचा. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत प्रयोग होते, प्रश्न होते, आयती उत्तरं नव्हती. परीक्षेत पुस्तक उघडून बघायची मुभा होती आणि प्रयोग करून दाखवावा लागायचा. सवालीराम नावाचं एक काल्पनिक पात्र होतं. मुलं त्याला पोस्टाने प्रश्न पाठवायची आणि त्यांना खरीखुरी उत्तरं यायची.

मला मात्र या सगळ्याच्या मागचा सांगाडा महत्त्वाचा वाटतो. शिक्षक दर महिन्याला एकत्र बसायचे. वर्गात काय झालं, कुठला प्रयोग फसला, मुलांनी कुठे अडवलं, हे तिथे बोललं जायचं. वर्गांना भेट देण्याला ‘अनुवर्तन’ म्हणायचे. तपासणीपेक्षा सोबत करण्याकडे त्याचा कल होता, आणि सोबत करणाऱ्यांत शिक्षकही असायचे. वर्गातून आलेल्या अनुभवांवरून धडे पुन्हा लिहिले गेले. म्हणजे गावातल्या मुलाची अडचण पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीपर्यंत पोचायला रस्ता होता.

पुण्याशी त्याचं एक नातं आहे. १९७८ मध्ये टेल्कोतले तरुण इंजिनिअर अरविंद गुप्ता वर्षभराची रजा घेऊन होशंगाबादला गेले. तिथल्या आठवडी बाजारात त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी मिळाली. ती कापून आगकाड्यांना जोडली, आणि भूमितीचे आकार उभे राहिले. नंतर पुण्यात आयुकाच्या आवारात त्यांनी हजारो मुलांना टाकाऊ वस्तूंतून विज्ञान दाखवलं. ‘एकलव्य’च्या हिंदी ‘संदर्भ’ या नियतकालिकाच्या वाटेने मराठीत ‘शैक्षणिक संदर्भ’ही निघालं.

२००२ मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं चाललेली, शिक्षकांनी उभी केलेली गोष्ट एका निर्णयाने थांबली याचं दुःख मला आजही होतं. त्या बैठकांना बसलेले शिक्षक मात्र शिकवत राहिले.

परिषदेतला अर्धा तास

आपल्याकडे बैठकीची जागा आहे. आसपासच्या शाळांचं मिळून एक केंद्र असतं, आणि त्या केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला होते. ऑगस्टमध्ये मी एका परिषदेला मागच्या बाकावर बसलो. पहिले दोन तास माहितीचे गेले. आधार जुळणी, यू-डायस, पोषण आहाराच्या नोंदी, आजच्या आज भरायच्या लिंका. समोरच्या बाई बोटांवर हिशेब करत होत्या की आपल्या वर्गाला या महिन्यात किती पूर्ण दिवस मिळाले. शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकाची अशैक्षणिक कामं जनगणना, आपत्ती आणि निवडणुका एवढ्यावर आणली आहेत. फोनवर येणाऱ्या लिंका त्या कायद्यात दिसत नाहीत, पण वेळ त्याच खातात.

शेवटचा अर्धा तास केंद्रप्रमुखांनी राखून ठेवला होता. या केंद्रात तो ठरलेला असतो : एका शिक्षकाने फसलेली गोष्ट सांगायची. जमलेली नव्हे, फसलेली. त्या दिवशी सरांनी कोऱ्या पुस्तिकांची गोष्ट सांगितली. सभागृह शांत झालं. मग एकेक जण बोलू लागला. एकाच्या शाळेत वीटभट्टीवर जाणारी मुलं होती, एकाच्या शाळेत मेंढपाळांची. मेंढपाळांच्या मुलांच्या शिक्षकांनी विचारलं, तुमची मुलं चार महिने एका तळावर असतात, आमची रोज हलतात, पिशवी चालेल का? सर म्हणाले, "मला नाही सांगता येणार. तुमच्या पोरांना कोपीऐवजी वाडा काढायला सांगा."

एका तरुण शिक्षकाने टक्केवारी विचारली. सरांनी आकडा जसा होता तसा दिला : गेलेल्या ११ मुलांपैकी सातांनी पिशवी वापरली, चौघांनी नाही. चौघांपैकी दोघांच्या घरी फोन नव्हता आणि जोडीदाराशी धागा तुटला. एकीचं लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. मॅडम तीन वेळा तिच्या घरी जाऊन आल्या. तिथे पिशवीचा उपयोग नव्हता.

चहाच्या वेळी मॅडमनी मला त्यांची ‘बदल-वही’ दाखवली. राज्य पातळीवर शिक्षकांसाठी नवोपक्रम स्पर्धा होते. तिच्यासाठी अहवाल लिहिताना गरज, उद्दिष्टं, कार्यपद्धती, यशस्विता अशा मथळ्यांखाली सगळं नीट मांडावं लागतं. मॅडमनी तसा अहवाल लिहिला होता, आणि मुलांच्या तक्रारी परिशिष्टात जोडल्या होत्या. पण खरं काम या वहीत होतं. प्रत्येक बदलापुढे तारीख, कारण आणि तो सुचवणाऱ्या मुलाचं नाव. ‘दोरी जाड केली, खांद्याला रुतते म्हणून.’ ‘गोष्टीच्या पुस्तकात हत्तीचं नको, कारखान्याचं पाहिजे.’ ‘बाळासाठी पण एक खेळणं ठेवा, म्हणजे आम्हाला वाचता येईल.’

"आम्हा दोघांची बदली कधीही येईल," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या शिक्षकांना पिशवी आवडेल, नाही आवडेल. वही राहिली तर त्यांना पोरांचं ऐकून सुरुवात करता येईल." वहीला त्यांनी फ्लेक्सचंच कव्हर घातलं आहे.

पाचवीतली पाहुणी

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात असतील. यंदा सप्टेंबरात मी पुन्हा वस्तीवर गेलो. नव्या चौथीने नव्या पिशव्या शिवायला घेतल्या होत्या. कडेवर टिंब असलेली ती मुलगी आता पाचवीत आहे, दोन किलोमीटरवरच्या शाळेत. तिची शाळा सुटल्यावर ती भावाला घेऊन इकडे आली होती. तो आता चालतो.

तिने एक तयार पिशवी उचलून खांद्याला लावली, वाकली, उभी राहिली, पुन्हा वाकली. मग खाली ठेवली.

"दोरी लहान झालीय," ती म्हणाली. "कडेवर लेकरू असलं की पिशवी पाठीवर जात न्हाई, पुढं येती. बाळाच्या तोंडाला लागती."

चौथीतल्या मुलाने सुतळी मोजायला घेतली. "किती वाढवू?"

तिने भावाला कडेवर घेतलं, आणि म्हणाली, "आता माप घे."